बेळगावचा आकडा कुठून येतो?

गेल्या अंकात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रीघ लागली. खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी, सगळीकडून. लिहिणारे बहुतेक एम.ए., पीएच.डी.चे विद्यार्थी, काही प्राध्यापक आणि संस्थांमध्ये काम करणाऱ्या काही जणी. मला याचा फार आनंद झाला. आपल्या भागातल्या बायकांनी उंबरठ्यात बसून, कामं खोळंबवून दिलेली उत्तरं आजवर लांबचे लोकच वापरत होते. आता इथली मुलं ती फाईल उघडू लागली आहेत.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ही पाहणी १९९२-९३ पासून सुरू आहे आणि तिची सूत्रं मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहेत. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातली ६,३६,६९९ घरं आणि ७,२४,११५ स्त्रिया होत्या. नाव-पत्ता काढून टाकलेल्या फाईली संशोधकांना नोंदणी करून, विषय कळवून, फुकट मिळतात. मी आधी घरोघर फिरून प्रश्नावल्या भरल्या, मग फिरणाऱ्या मुलींची पर्यवेक्षक झाले आणि नंतर कित्येक वर्षं संशोधकांना या फाईली समजावून दिल्या. माझी उत्तरं त्या दोन्ही बाजूंनी येतील.

प्रश्न : मॅडम, मी भूगोलात पीएच.डी. करतो. विषय आहे खानापूर तालुक्यातलं बालकांचं कुपोषण. पाचव्या फेरीची फाईल उतरवून घेतली. त्यात बेळगाव जिल्हा सापडला, पण तालुक्याचा रकाना नाही. जीपीएसची वेगळी फाईल असते असं समजलं. तिच्यावरून कणकुंबी, जांबोटी, लोंढा या पट्ट्यातली गावं ओळखता येतील का?
(एक संशोधक, खानापूर)

उत्तर : नाही येणार, आणि तसा प्रयत्नही करू नका. तालुक्याचा रकाना कुणाच्या नजरचुकीने राहिलेला नाही, तो मुद्दामच दिलेला नाही. जीपीएसच्या फाईलीतले बिंदूही जाणूनबुजून हलवलेले असतात. शहरातला बिंदू दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यातला पाच किलोमीटरपर्यंत आणि खेड्यांतल्या शंभरातला एक बिंदू तर दहा किलोमीटरपर्यंत सरकवतात. जांबोटीच्या रानात पाच किलोमीटर म्हणजे अधेमधे किती वाड्या येतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ज्या बाईने आपलं मूल दगावल्याचं सांगितलं, रक्त काढू दिलं, तिचं गाव कुणाला ओळखता येऊ नये म्हणून हे केलेलं आहे. नोंदणी करताना घर किंवा गाव ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही असं आपण कबूल केलेलं असतं, तेही ध्यानात ठेवा.

समजा कुणी गाव सांगितलं, तरी तुमचं काम होणार नाही. हिशेब करून बघा. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे होते, म्हणजे सरासरीने एका जिल्ह्याला नऊशे घरं येतात. प्रत्येक निवडलेल्या गावातून किंवा शहरातल्या गटातून २२ घरं घेतात. म्हणजे जिल्ह्यात असे चाळीसेक गट झाले. बेळगावसारख्या अथणीपासून खानापूरपर्यंत पसरलेल्या जिल्ह्यात ते चाळीस वाटले तर एका तालुक्याच्या वाट्याला दोन-तीन येणार, आणि त्या घरांत पाच वर्षांखालची मुलं असणार वीस-पंचवीस. एवढ्यावर 'खानापुरात इतके टक्के मुलं खुजी' असं लिहिता येत नाही. पाहणीचे माहितीपत्रक काढणारेही २५ पेक्षा कमी नोंदी असतील तिथे आकडा छापत नाहीत, फुली टाकतात. २५ ते ४९ असतील तर आकडा कंसात घालतात. तोच दंडक तुम्ही पाळा.

मग प्रबंधाचं काय करायचं? विषय सोडू नका, तो महत्त्वाचा आहे. घाटमाथ्यावरचं खानापूर आणि पूर्वेकडचं कोरडवाहू अथणी यांची सरासरी काढून जो 'बेळगाव' तयार होतो, तो दोन्हीकडच्या लोकांना अनोळखी वाटतो. मी तुमच्या जागी असते तर पाहणीची फाईल पार्श्वभूमीला वापरली असती. बेळगाव, शेजारचा उत्तर कन्नड जिल्हा आणि सबंध कर्नाटक यांच्या ग्रामीण मुलांची तुलना तिच्यातून नीट होते. तालुक्यासाठी अंगणवाड्यांच्या वजन-उंचीच्या नोंदी घ्या. महिला व बालविकास खात्याकडे अर्ज कन्नडमध्येच लिहून न्या, बरोबर विद्यापीठाचं पत्र जोडा. गावातल्या सोयींसाठी २०११ च्या जनगणनेची गाववार यादी खुली आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळांची नोंदवही वर्षानुवर्षं चालवली आहे. तिच्यावरचे शोधनिबंध आधी वाचा. शेवटी पाच-सहा गावांत स्वतः जा. पाहणीची इंग्रजी आणि कन्नड प्रश्नावली बरोबर न्या आणि प्रश्न त्याच शब्दांत विचारा. तुमची छोटी पाहणी मग मोठ्या पाहणीशेजारी ठेवता येईल.

प्रश्न : मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या फाईलीत 'एचडब्ल्यू७०' (वयाच्या मानाने उंची) या रकान्याची सरासरी काढली. ती आली ३५७. शंभराने भागायचं असतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणजे ३.५७. खुजेपणाचा झेड-स्कोअर अधिक साडेतीन? आमची मुलं एवढी उंच कधीपासून झाली?
(एक प्राध्यापिका, निपाणी)

उत्तर : शंभराने भागायचं हे बरोबर आहे. त्या रकान्यात −१८७ लिहिलेलं असेल तर ते मूल जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकापेक्षा १.८७ प्रमाण-विचलनांनी खाली आहे. −२०० च्या खाली गेलं की खुजं धरतात. पण त्याच रकान्यात ९९९६, ९९९७, ९९९८ असेही आकडे बसलेले असतात. ते उंचीचे आकडे नाहीत, खुणा आहेत: उंची अशक्य कोटीतली निघाली, वय नीट कळलं नाही, मोजमाप हिशेबात बसलं नाही. संगणकाला हे सांगितलं नाही तर तो त्यांनाही उंचीच समजतो. शंभरातल्या पाचच मुलांपुढे ९९९८ असेल आणि बाकीच्यांची सरासरी −१५० असेल, तरी एकूण सरासरी ३५७ येते. तुमच्याकडे हेच झालं असावं. आधी त्या रकान्याचं नुसतं वितरण छापून बघा, शेवटच्या ओळीत हे नऊ-हजारी दिसतील. त्यांना 'माहिती नाही' असं करून बाजूला काढा आणि मग सरासरी घ्या. रक्ताचंही असंच. १०८ लिहिलं असेल तर ते १०.८ ग्रॅम. बॉडी मास इंडेक्स २१५४ असेल तर २१.५४.

वयाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ही खूण कुठून येते हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बाळाचा जन्म कधीचा, असं विचारलं की आई सांगते, 'पंचमीच्या आदल्या आठवड्यात', नाहीतर 'ऊस जायला लागला होता तेव्हा'. आमच्या मुली तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारं आई-बाळाचं कार्ड) मागायच्या. कार्ड कधी माहेरी राहिलेलं, कधी पावसात भिजून अक्षरं पुसलेली. मग अंगणवाडीतल्या बाईंकडचं रजिस्टर, शेजारणीचं मूल, सणांची यादी, असं करत करत महिना पक्का करायचा. झेड-स्कोअर वयावर उभा असतो. दोन वर्षांच्या मुलाचं वय दोन-तीन महिन्यांनी चुकलं तर ठीकठाक मूल खुजं ठरतं, नाहीतर खुजं मूल ठीक ठरतं. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजतात. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे अलगद दाबून टाच सरळ करायची. मूल आकांत करतं, आजी मध्ये पडते, 'सोडा की वो पोराला' म्हणते. त्यातून जो आकडा येतो तो बहुतेक वेळा चांगला असतो, कारण मुलींना त्यासाठी कसून तयार केलेलं असतं. पण तो कसा आला हे माहीत असलेला संशोधक ९९९८ ला रागाने पुसून टाकत नाही. आधी तो मोजतो की अशा नोंदी कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या घरांत जास्त आहेत. तुम्हीही बेळगावच्या अशा नोंदी वेगळ्या मोजा. गरीब घरांत त्या जास्त निघाल्या तर तेही लिहा.

आणखी एक. तुम्ही वापरलेल्या फाईलीत मुलाखत झालेल्या आयांचीच मुलं आहेत. छापील अहवालातला खुजेपणाचा आकडा घरातल्या सर्व माणसांच्या फाईलीवरून काढतात आणि तिथे तो रकाना 'एचसी७०' असतो. आई कामाला दूर गेलेली आणि मूल आजीपाशी, अशी मुलं त्या फाईलीत सापडतात, तुमच्या फाईलीत नाहीत. निपाणी-रायबाग भागात हा फरक किरकोळ समजू नका. तुमचा आणि अहवालाचा आकडा थोडा वेगळा येतो तो बऱ्याचदा यामुळे.

(सगळ्यांना विनंती. असा प्रश्न पाठवताना कुठली फेरी, कुठली फाईल, कुठला रकाना, भारांक (प्रत्येक नोंदीला हिशेबात दिलेलं वजन) लावला की नाही आणि किती नोंदी निघाल्या, एवढं लिहा. वरच्या बाईंनी ते लिहिलं म्हणून उत्तर देता आलं. फाईल मात्र कुणी पाठवू नका. ती दुसऱ्याच्या हाती न देण्याच्या अटीवर आपल्याला मिळालेली असते.)

प्रश्न : ताई, मी महिला-बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत आहे. जिल्ह्याच्या माहितीपत्रकात चौथ्या आणि पाचव्या फेरीचे आकडे शेजारीशेजारी असतात. एखादा आकडा तीन-चार टक्क्यांनी हलला की अहवालात लगेच 'सुधारणा' किंवा 'घसरण' लिहायला सांगतात. मला धीर होत नाही. काय करू?
(एक कार्यकर्ती, गोकाक)

उत्तर : धीर होत नाही हे चांगलं लक्षण आहे. तुमच्या वरिष्ठांना हा हिशेब दाखवा. उदाहरणादाखल समजा, जिल्ह्यात एखाद्या प्रश्नाला ४०० मुलांच्या नोंदी आहेत आणि उत्तर आलं ४० टक्के. साध्या नमुन्यात हा आकडा दोन्ही बाजूंना पावणेपाच टक्क्यांनी हलू शकतो. पण आपला नमुना साधा नसतो. २२ घरं एकाच गावातली, एकाच विहिरीचं पाणी पिणारी, एकाच आशाबाईकडे जाणारी. ती एकमेकांसारखी असतात, म्हणून त्यांतून मिळणारी माहिती कमी भरते. यामुळे तफावतीचा वर्ग दीडपट होतो असं धरलं तर तफावत सहा टक्क्यांच्या आसपास जाते. आता दोन फेऱ्यांमधला फरक काढायचा, म्हणजे दोन्ही फेऱ्यांची अनिश्चितता एकत्र येते आणि ती आठ टक्क्यांपर्यंत पोचते. अशा वेळी तीन-चार टक्क्यांच्या हालचालीवर 'घसरण' लिहिणं म्हणजे अंगणवाडीतल्या बाईंवर नाहक ठपका ठेवणं. तुम्ही लिहा : 'फरक दिसतो, पण नमुन्याच्या मर्यादेत तो निश्चित सांगता येत नाही.' स्टाटा, आर, एसपीएसएस, काहीही वापरत असाल तरी गटाचा क्रमांक, थर (नमुना निवडण्याआधी पाडलेले विभाग) आणि भारांक तिन्ही सांगून ही तफावत काढता येते. नुसता भारांक लावून भागत नाही.

गोकाकहून पत्र आलं म्हणून दुसरी गोष्ट विस्ताराने लिहिते. पाचव्या फेरीचं कर्नाटकातलं काम २०१९ च्या उत्तरार्धात झालं. त्या ऑगस्टमध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकाच आठवड्यात फुगल्या. गोकाक, चिकोडी, रायबाग, अथणीतली घरं पाण्यात गेली, लोक शाळांत आणि मंगल कार्यालयांत राहिले. आता प्रश्नावलीतला प्रश्न बघा : 'गेल्या दोन आठवड्यांत बाळाला जुलाब झाले होते का?' हा प्रश्न जुलैत विचारला, ऑगस्टच्या शेवटी विचारला की नोव्हेंबरात विचारला, यावर उत्तर बदलणार. पिण्याचं पाणी कुठून आणता, शौचालय कुठलं वापरता, घरात रात्री कोण झोपलं होतं, या सगळ्या उत्तरांवर पुराची सावली पडू शकते. चौथी फेरी २०१५-१६ ची, तिचे महिने वेगळे. मग दोन आकड्यांतल्या फरकात विकास किती आणि पाऊस किती?

हे अंदाजाने बोलायची गरज नाही. फाईलीत मुलाखतीचा महिना आणि वर्ष दिलेलं असतं. 'व्ही००८' या रकान्यात तोच महिना १९०० पासून मोजून लिहिलेला असतो. वर्षातून १९०० वजा करा, बाराने गुणा, महिन्याचा क्रमांक मिळवा. ऑगस्ट २०१९ म्हणजे ११९ गुणिले १२ अधिक ८, म्हणजे १४३६. बेळगावच्या नोंदी या रकान्यावर मांडा. १४३६ च्या आधीच्या किती, नंतरच्या किती, ते बघा. हाच तक्ता कोल्हापूर आणि सांगलीचा काढा, पूर तिथेही होता. दोन्हीकडे सारखं चित्र निघालं तर तुमच्या अहवालाला असं काही मिळेल जे दिल्लीत बसलेल्या माणसाला सुचणार नाही. नोंदी थोड्या असतील तर टक्केवारी देऊ नका, महिनावार नोंदींचा तक्ता नुसता जोडा आणि पुराचा उल्लेख करा.

उलट काही गोष्टी पुराने हलत नाहीत. बाईचं शिक्षण, लग्नाचं वय, दवाखान्यात बाळंतपण झालं का, ही उत्तरं मागच्या काही वर्षांची असतात. तिथे तुलना जास्त भरवशाची. तुमच्या अहवालात आधी अशा आकड्यांना जागा द्या.

प्रश्न : मी शिक्षक आहे, हौस म्हणून आकडेवारी बघतो. बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या कुटुंबांची, तसंच बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांची तुलना करायची आहे. फाईलीत मातृभाषा असते का? भारांकाचे दोन रकाने दिसतात, कोणता घ्यावा?
(एक शिक्षक, चिकोडी)

उत्तर : भारांकाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी उरकते. प्रत्येक जिल्ह्यातून साधारण सारखीच घरं घेतात. २०११ च्या जनगणनेत बेळगावची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती आणि कोडगूची ५,५४,५१९. भारांक न लावता कर्नाटकाची सरासरी काढली तर कोडगूचं एक घर बेळगावच्या एका घराइतकंच बोलतं, आणि आठपट मोठा जिल्हा दबून जातो. म्हणून भारांक हवाच. 'व्ही००५' हा देशाचा भारांक, 'एसव्ही००५' हा राज्याचा. एकाच राज्यात काम असेल तर कोणताही चालेल. तुम्ही कर्नाटक आणि महाराष्ट्र एकत्र घेताय, तर देशाचाच घ्या. राज्याचा भारांक त्या त्या राज्यापुरता बेतलेला असतो, दोन राज्यं जोडली की तो फसतो. दोन्ही दहा लाखांनी भागायचे. आणि राज्यांचे क्रमांक चौथ्या आणि पाचव्या फेरीत सारखे नाहीत, फेऱ्या जोडताना नावावरून जोडा.

भाषेचा प्रश्न अवघड आहे. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर प्रश्नावलीची भाषा, मुलाखतीची भाषा, उत्तर देणाऱ्या व्यक्तीची भाषा आणि दुभाषा वापरला का, एवढं भरायचं असतं. त्यामुळे माहिती आहे. पण ती भरली कशी जाते ते बघा. कर्नाटकात मुलींच्या हातात कन्नड प्रश्नावली असते. खानापूरच्या एखाद्या घरात सून बैलहोंगलची, सासू चंदगडची. सून कन्नडमध्ये उत्तर देते, मध्येच मराठीत सासूला विचारते, सासू मराठीत बोलते, नवरा दोन्हीत. आपल्याकडे हे रोजचंच आहे. त्या घरापुढे एकच भाषा लिहिली जाते. जनगणनेतली मातृभाषा आणि ही नोंद एक धरू नका. मुलाखतीची भाषा म्हणजे घराची भाषा, असं तर मुळीच धरू नका.

शिवाय नमुना जिल्ह्यासाठी आखलेला आहे, जिल्ह्यातल्या भाषांसाठी नाही. चाळीसेक गटांत मराठी घरं काही मोजक्या गटांत एकवटलेली निघतील. तिथे जो फरक दिसेल तो भाषेचा की बेळगाव शहराजवळ असण्याचा, की जमिनीच्या पोताचा, हे वेगळं करता येणार नाही. सीमाप्रश्नाच्या कुठल्याही बाजूने या आकड्यांचा पुरावा करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांनी उत्तरं दिली त्यांनी मुलांच्या लशींबद्दल आणि आपल्या आजारांबद्दल दिली, त्या कामासाठीच दिली.

बेळगाव-कोल्हापूर तुलना मात्र जरूर करा, ती फार मोलाची आहे. कागल आणि निपाणी यांच्यामधला रस्ता एकच, ऊस तोच, बाजार तोच. पण रेशन, आरोग्य केंद्र, अंगणवाडीचा आहार, शाळेची भाषा, हे सगळं राज्याप्रमाणे बदलतं. दोन राज्यांच्या कारभाराचा फरक बघायला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? दोन्ही जिल्ह्यांची ग्रामीण घरं घ्या, बाईचं शिक्षण सारखं ठेवून तुलना करा आणि लसीकरण, बाळंतपण, लोहाच्या गोळ्या यांपासून सुरुवात करा. घरच्या संपत्तीचा निर्देशांक वापराल तर एक ध्यानात असू द्या : तो त्या फेरीतल्या घरांची एकमेकांशी तुलना करून बनवलेला असतो. चौथ्या फेरीतला 'सर्वांत गरीब' आणि पाचव्या फेरीतला 'सर्वांत गरीब' सारखेच गरीब नसतात.

प्रश्न : तंबाखू, दारू आणि घरातली मारहाण यांवर जिल्ह्याचा लेख लिहायचा आहे. पहिल्या दोहोंचे आकडे जिल्ह्याच्या पत्रकात मिळाले, तिसऱ्याचा नाही. लपवलाय का?
(एक पत्रकार, अथणी)

उत्तर : लपवलेला नाही. मारहाणीचे प्रश्न पंधरा टक्के घरांतच विचारतात आणि त्या घरातल्या एकाच बाईला विचारतात. त्यामुळे राज्याचा आकडा निघतो, जिल्ह्याचा निघू शकत नाही. पुरुषांच्या मुलाखतींचंही तेच. हे प्रश्न सुरू करण्याआधी एकांत हवा, कुणी आलं तर विषय बदलायचा, एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्यायचा, असा नियम आहे. मी पर्यवेक्षक असताना मुलींना हे पुन्हापुन्हा बजावत असे, कारण बाई बोलून गेली आणि पडद्यामागे कुणी ऐकत असलं तर संध्याकाळी तिलाच भोगावं लागतं. एकांताअभावी सोडलेल्या मुलाखतींची नोंद फाईलीत असते. राज्याचा आकडा देताना तीही द्या. या भागाचा भारांक वेगळा, 'डी००५', तो विसरू नका. अथणीच्या लेखात 'कर्नाटकात' असं स्पष्ट लिहा, 'अथणीत' लिहू नका.

प्रश्न : घरखर्चाच्या राष्ट्रीय पाहणीची (२०२२-२३) फाईल उघडली तर नुसत्या आकड्यांच्या लांबच लांब रांगा दिसतात. बेळगावचा दरमहा खर्च काढायचा आहे. कुठून सुरू करू?
(एम.ए.ची विद्यार्थिनी, रामदुर्ग)

उत्तर : घाबरू नकोस. ते रकाने आहेत, फक्त मध्ये जागा सोडलेली नाही. सोबत 'लेआउट'ची फाईल असते. कुठल्या अक्षरापासून कुठल्या अक्षरापर्यंत काय आहे ते तिच्यात लिहिलंय. राज्य, जिल्हा, घराचा क्रमांक आधी वेगळे काढ, मग बाकीचं. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात २,६१,७४६ घरांत ही पाहणी झाली. खाण्याचे पदार्थ, रोजच्या वापराच्या वस्तू व सेवा, आणि टिकाऊ वस्तू अशा वेगळ्या प्रश्नावल्या घेऊन एकाच घरी निरनिराळ्या महिन्यांत गेले. भाजी-दुधासारख्या वस्तू सात दिवसांच्या, काही तीस दिवसांच्या, कपडे-भांडी वर्षाची, असे हिशेब आहेत. सगळं महिन्यावर आणल्याशिवाय बेरीज करू नकोस. घराची व्याख्या 'एका स्वयंपाकघरात जेवणारे' अशी आहे, म्हणून भाऊ एका वाड्यात राहत असले तरी चुली वेगळ्या असतील तर घरं दोन.

बेळगावचा वेगळा आकडा छापण्याआधी थांब. हा नमुना राज्यासाठी आखलेला आहे. जिल्ह्याऐवजी 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' हा पाहणीचा विभाग घे, बेळगाव त्यातच येतं, आणि तुलनेला कोल्हापूर ज्यात येतं तो पश्चिम महाराष्ट्राचा अंतर्गत विभाग घे. २०११-१२ च्या खर्चाशी थेट तुलना टाळ, विचारण्याची पद्धत बदललेली आहे. पहिली खात्री अशी कर : भारांक लावून कर्नाटकाच्या ग्रामीण भागाचा दरडोई मासिक खर्च काढ आणि सरकारी अहवालातल्या आकड्याशी ताडून बघ. तो जुळला की पुढे जा. नाही जुळला तर कुठल्या पायरीला अडलीस ते लिहून पाठव, पुढच्या अंकात बघू.